तिसऱ्या प्रकरणाचा आवाज

१

रुख्मिणीबाई वारल्या आषाढात. त्यांचा निरोप आमच्या गटावर आला तो दिवाळीनंतरच्या सोमवारी, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी.

मी ग्रंथालयात होते. वसमतच्या आमच्या ग्रंथालयात त्या वेळी दोनच जीव जागे असतात, एक मी आणि दुसरा छतावरचा पंखा. पेपर वाचायला आलेले आजोबा पेपर तोंडावर घेऊन घोरत होते. मोबाइल थरथरला. 'पान पुढे' गटावर आवाजाचा निरोप होता, आणि वर नाव होतं रुख्मिणीबाईंचं.

'पान पुढे' म्हणजे आमचं ऑनलाइन वाचनमंडळ. महामारीत घरात कोंडलो तेव्हा मी ते सुरू केलं. एकेक कादंबरी घ्यायची आणि रविवारी चारला मोबाइलवर समोरासमोर बसून तिच्यावर भांडायचं. बाई आमच्यात सगळ्यांत थोरल्या. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या. दोन वर्षांपूर्वी काचबिंदूनं त्यांचे दोन्ही डोळे नेले. त्यांना पुस्तक सुटू नये म्हणून आम्ही पद्धत पाडली, रोज एकानं एक प्रकरण मोठ्यानं वाचून गटावर टाकायचं. बाई गेल्या, पण वाचन थांबवा असं कुणी म्हणालं नाही, आणि बाईंचा नंबर काढायला माझा हात धजला नाही. माणूस जातं, सवय राहते.

त्या आठवड्यात आम्ही 'पेवातला उजेड' घेतली होती. निजामाचं राज्य बुडालं त्या वर्षाची गोष्ट. आधी गावातल्या एका बाजूची घरं जळतात, मग दुसऱ्या बाजूची. आणि तांड्यावरची एक बाई दुसऱ्यांची दोन लेकरं ज्वारीच्या पेवात, म्हणजे जमिनीतल्या धान्याच्या खड्ड्यात, लपवते. लेखकाचं नाव 'कयाधूपुत्र', म्हणजे आमच्याकडच्या कयाधू नदीचा पुत्र. फोटो नाही, पत्ता नाही. नावावरून मला आधी वाटलं, हा कुणी नवरात्रातल्या कविसंमेलनातला कवी असणार. पण पहिलं प्रकरण दुपारी दोनला वाचून गटावर टाकताना माझाच आवाज दोनदा अडकला होता.

मी बाईंचा निरोप कानाला लावला.

"तांड्याच्या मागं सात पेवं होती," बाई म्हणाल्या. "सहांत ज्वारी होती. सातव्यात दोन लेकरं होती."

मी दोन तासांपूर्वी वाचलेलंच पहिलं प्रकरण. शब्दाला शब्द तोच. फक्त प्रत्येक वाक्यानंतर बाई थांबत होत्या. खूप वेळ थांबत होत्या, पलीकडून कुणीतरी हुंकार देईल म्हणून. मग श्वास घेऊन पुढचं वाक्य.

टेबलावरचं पुस्तक उघडून मी पहिलं पान पाहिलं. पहिली आवृत्ती, ऑक्टोबर. बाई गेल्या जुलैत. जे पुस्तक त्या जिवंत असताना छापलंच गेलं नव्हतं, ते त्या मला वाचून दाखवत होत्या.

२

मंगळवारी दुसरं प्रकरण जळबाकाकांनी वाचलं. दीड तासानं बाई आल्या. तेच प्रकरण, तेच थांबणं.

बुधवारी पाळी थावरा राठोडची होती. थावरा पुसेगावला गुरुजी आहे, बाईंचा जुना विद्यार्थी. त्यानं लिहिलं, 'घसा बसलाय, माफ करा. तिसऱ्या प्रकरणाच्या पानांचे फोटो टाकतो.' आम्ही ते ज्याचं त्यानं वाचलं. बुधवारी बाई आल्या नाहीत, आणि मी सुटकेचा श्वास टाकला.

गुरुवारी पुनमचंद शेठनी चौथं प्रकरण वाचलं. तासाभरात बाई हजर. त्या दिवशी मी दिवा लावला नाही की जेवले नाही, तशीच बसून राहिले.

शुक्रवारी वाचन राहिलं बाजूला, गटावर भडका उडाला. बोलून नव्हे, लिहून. पुनमचंद हळदीचे व्यापारी, बाई त्यांच्याच शेडमागच्या खोलीत भाड्यानं राहायच्या. कादंबरीही त्यांनीच नांदेडहून आणली होती. त्यांनी लिहिलं, 'भूतबित काही नाही. हल्ली आवाजाचा एक तुकडा मिळाला की मशीन पाहिजे ते बोलून दाखवतं. आपल्यात मोबाइलचं दुकान कुणाचं आहे? बाईंचा फोन कोण दुरुस्त करायचं?'

दुकान माझ्या धाकट्या भावाचं, मुबश्शीरचं. बाईंना दिसेनासं झालं तेव्हा आवाज भरायचं मोठं बटण त्यानंच त्यांच्या फोनवर बसवून दिलं होतं.

'मेलेल्या माणसाची चेष्टा करणं याला माफी नाही,' शेठनी पुढं लिहिलं. 'रविवारी चारच्या बैठकीत त्यानं कबूल करावं, नाहीतर मी सोमवारी पोलीस ठाण्यात अर्ज देणार.'

मुबश्शीरनं 'मी नाही' एवढंच लिहिलं. त्यावर गटात कुणी चकार शब्द काढला नाही. बाजारात मात्र संध्याकाळपर्यंत बातमी फिरली. दोन बायका दुरुस्तीला दिलेले फोन तसेच उचलून घेऊन गेल्या. मोबाइलच्या दुकानात लोक नुसता फोन ठेवून जात नाहीत, घरातले फोटो, गुपितं, सगळं ठेवून जातात. तिथं एकदा संशय आला की शटर ओढायचं. मुबश्शीर घरी येऊन भिंतीकडं तोंड करून पडला.

"आपा, तुला तरी खरं वाटतं ना?" त्यानं विचारलं. मी हो म्हणाले, आणि माझा मलाच राग आला, कारण हो म्हणायच्या आधी मी क्षणभर थांबले होते.

थावरानं पाठवलेली ती पानं मी पुन्हा उघडली. तिसऱ्या प्रकरणाचं शेवटचं वाक्य असं होतं, 'घरं जाळणारे चौघं होते. दारं लावून घेणारं सगळं गाव होतं.' शेजाऱ्यांनी शेजाऱ्यांचं काय केलं याच्या पुस्तकावर आम्ही आठवडाभर उसासे टाकत होतो, आणि गटावर तेच चाललं होतं.

तेवढ्यात जळबाकाकांचा फोन आला. काकांनी अठ्ठावीस वर्षं वसमतच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून गाड्या पुकारल्या. अजूनही ते जेवायला बसताना फलाट क्रमांक सांगतील असं वाटतं.

"आफिफा, पैला निरोप परत लाव," ते म्हणाले. "बाईंकडं ध्यान देऊ नको. बाईंच्या मागं काय वाजून राहिलंय ते ऐक."

मी ऐकलं. बाईंच्या थांबण्यामागं, लांब कुठंतरी, काहीतरी फिरत होतं. घर्र, घर्र, घर्र, टक्.

३

"हळदीचा ड्रम," काका म्हणाले.

आमच्याकडं हळद उकडून वाळवली की मोठ्या लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवतात. घासून घासून वरची साल जाते आणि रंग चढतो. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत अर्धं वसमत घरघरत असतं. दिवाळीनंतर मात्र हळद अजून शेतात उभी असते.

शुक्रवारी संध्याकाळीच आम्ही शेठच्या शेडवर गेलो. शेठ माझ्याकडं न बघता काकांशी बोलू लागले.

"जळबाभाऊ, तुमी मधात पडू नका. पोराला समजावा, बस."

"समजावतो की. आधी मला सांगा शेठ, तुमचा ड्रम कुठं हाय?"

"ड्रम?" शेठ गडबडले. "त्याचा एक पत्रा ढिला झाला व्हता. दर फेऱ्याला टक् टक् करायचा, डोकं उठायचं. भंगारात देऊन टाकला. बाई जायच्या आठेक दिवस आधी. बाईच म्हनल्या व्हत्या, शेठ, आता तरी याला सोडा."

काकांनी निरोप लावला. घर्र, घर्र, घर्र, टक्. शेठनी जिथं ड्रम होता त्या रिकाम्या ओट्याकडं पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप गळ्यातल्या माळेवर गेला.

"हा माझाच ड्रम हाय," ते हळूच म्हणाले.

"मशीननं बाईंचा आवाज बनवला असता, तर भंगारात गेलेला ड्रम काहून वाजवला असता?"

"आवाज करनारा हुशार असंल. जुना ड्रम मागं जोडला असंल." शेठ चटकन सावरले. "रविवारी चार म्हंजे चार."

बाईंच्या खोलीला कुलूप होतं. शेठनी ती उघडून दाखवली. खाट, रिकामं कपाट, खिडकीत काळी झालेली समई. बाईंना पोरबाळ नव्हतं. भांडी आणि घोंगडी स्वयंपाकाला राहणाऱ्या रूपाबाईनं कनेरगावकडच्या तिच्या तांड्यावर नेली, पुस्तकं माझ्या ग्रंथालयात आली. फोन कुठं गेला ते शेठला सांगता येईना. त्या खोलीत उभी असताना मला सारखं वाटत होतं, कुणीतरी वाक्य संपवून थांबलंय.

बाहेर आल्यावर मी काकांना म्हटलं, "म्हणजे बाईंनी हे जुलैच्या आधीच वाचलं. छापायच्या आधी त्यांच्याकडं हस्तलिखित आलं असणार."

"आलं असंल. वाचलं कशानं?"

बाईंना दोन वर्षं समोरचा माणूस दिसत नव्हता.

"तू शाळेत असताना शुद्धलेखन लिवलंस का न्हाई?" काकांनी विचारलं. "बाई एक वाक्य सांगायच्या, मग थांबायच्या. पोरांची पाटी भरंस्तोवर. आठव बरं, निरोपात कशा थांबून राहिल्यात."

मी निरोपातलं पहिलं वाक्य आठवून तळहातावर बोटानं लिहून पाहिलं.

"बाई वाचून न्हाई राहिल्या, पोरी. बाई सांगून राहिल्यात. हे पुस्तक बाईचंच हाय, आन ते दुसऱ्याच्या नावावर निघालंय."

४

शनिवारी सकाळी मी प्रकाशकाला फोन केला. 'नाव उघड करायचं नाही ही लेखकाची अट आहे,' असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. म्हणजे ते ताकास तूर लागू देणार नव्हते. हातात दीड दिवस उरला होता.

काकांनी हिशोब मांडला. स्वयंपाकाची रूपाबाई सोडली, तर बाईंच्या खोलीवर जाणारी माणसं तीनच. शेठ घरमालक म्हणून, मुबश्शीर फोनसाठी, आणि थावरा दर रविवारी भेटायला. सांगितलेलं कुणीतरी लिहून घेत होतं, आणि ते या तिघांपैकीच.

"मुबश्शीर धरून?" मी विचारलं.

"धरून," काका म्हणाले. "भाऊ हाय म्हनून गाडी सोडायची न्हाई."

सकाळची शाळा सुटायच्या आत आम्ही एसटीनं पुसेगाव गाठलं. मुख्याध्यापकांनी कौतुकानं बसवलं. थावरा वर्गावर होता तोवर त्यांनी शाळेची भरभराट सांगितली. "आमचे राठोड गुरुजी म्हणजे हिरा आहेत. या बुधवारी पालकसभेत माईक बंद पडला. गुरुजी अर्धा तास तसेच बोलले, मागच्या रांगेपर्यंत खणखणीत!" काकांनी माठातलं पाणी मागून घेतलं आणि दोन पेले प्यायले.

थावरा आला. बारीक, शांत, पांढरा शर्ट खडूनं माखलेला. त्यानं माझी नजर टाळली. मला वाटलं, मुबश्शीरसाठी वाईट वाटत असेल.

"रविवारी बाईंकडं काय करायचे तुमी?" काकांनी विचारलं.

"पेपर वाचून दाखवायचो. बाजारहाट. बाईंनी मला चौथीत असताना आपल्या घरी ठेवून घेतलं होतं, काका. आई-बाप ऊसतोडीला जायचे. बाईंमुळं मी शिकलो."

"पुस्तक कसं वाटलं?"

"कोणी का लिहिलेलं असंना, गोष्ट खरी आहे."

"मुबश्शीरनं हे केलं असंल?"

थावरानं चहाच्या कपात पाहिलं. "पोरगं चांगलं आहे."

"मग तसं गटावर काहून न्हाई लिवलं?"

शाळा सुटल्याची घंटा झाली. थावरा उठला आणि मुलांना रांगेत लावायला गेला. त्याच्या कपातला चहा तसाच होता.

बसथांब्यावर मी म्हटलं, "फुकट फेरी झाली."

काका हिंगोलीच्या गाडीची वाट बघत लांबवर नजर लावून होते. "सोमवारी तू वाचलंस, बाई आल्या. मंगळवारी मी, बाई आल्या. गुरुवारी शेठ, बाई आल्या. दर वेळी आपन वाचल्यावर, आधी कधीच न्हाई. आन बुधवारी फोटो टाकले, तर बाई आल्याच न्हाईत. मग सांग, बाईंचा फोन कोनाजवळ हाय?"

"मला काय माहीत?"

"जो पाठवून राहिलाय त्याला आपलं वाचन ऐकल्याबिगर कोनता निरोप काढायचा ते समजत न्हाई. फोटोतलं त्याला कळत न्हाई." काका माझ्याकडं वळले. "भुताला वाचता येत न्हाई, आफिफा."

५

कनेरगाव नाक्याचे ढाबे मागं टाकून, कपाशीच्या शेतांतून आम्ही तांड्यावर पोचलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. रूपाबाईचं घर कडेचं. दार लोटलेलं होतं.

आतून रुख्मिणीबाई बोलत होत्या.

"सातव्या पेवाचं तोंड उघडलं की आधी कंदील सोडायचा," त्या सांगत होत्या. "कंदील विझला तर माणूस उतरायचं नाही." मग ते थांबणं. दाराच्या फटीतून चुलीचा उजेड हलत होता, आणि आत दुसऱ्या कुणाची चाहूलही नव्हती. मी काकांची बाही घट्ट धरली. काकांनी कडी वाजवली.

रूपाबाई चुलीपुढं बसली होती. साठीच्या पुढची, कपाळावर गोंदण, हाताची बोटं कपाशीच्या बोंडांनी चिरलेली. फोन तिच्या ओटीत होता.

"घाबरले काहून?" ती म्हणाली. "बाई हाय ती."

तिनं आम्हाला भाकरी दिली आणि सगळं सांगितलं. सांगताना तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"बाईला दिसत न्हवतं, मंग गटावर मीच पाठवायची. मुबश्शीरनं शिकवलं व्हतं, हितं दाबायचं, मंग ह्या हिरव्या चित्रावर दाबायचं. बाई गेली. फोन म्या ठिवला. तुमी रोज वाचता ते कापूस येचता येचता ऐकते. येळ जातो. आन सोमवारी तू वाचाया लागली, तर मला वाटलं भास झाला. ही तर आमची गोष्ट! माझ्या सासूनं दोन लेकरं पेवात ठिवली व्हती, रझाकाराच्या साली. म्या बाईला सांगितली. बाईनं तिची एवढी मोठी केली, रोज फोनमधी बोलून."

"मग तुम्ही गटावर बोलला का नाही, मावशी?"

"तुमी शिकलेली मानसं. माझं कोन ऐकनार? म्हनलं, बाईचं तरी ऐकतील. तुमी समदे वाचून राहिले, पर बाईचं नाव कोनीच घेत न्हवतं. ते मला बरं न्हाई वाटलं."

मी तिला सांगितलं की मुबश्शीरवर आळ आलाय. रूपाबाईनं तोंडावर हात मारला. भांडण सगळं लिहून झालं होतं, ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

"बाईचं लिवून कोन न्यायचं?" काकांनी विचारलं.

"वायर लावून कोन तरी घेऊन जायचं म्हने, रविवारी. रविवारी माझी सुट्टी. गुरुजी यायचे, शेठ तर घरचेच, मुबश्शीर बी यायचा." ती कळवळून म्हणाली, "मला खरंच ठावं न्हाई."

"यातले समदे आवाज ऐकले का तुमी?"

"न्हाई ऐकले. एकसष्ट हायेत. तुमी जेवढं वाचलं तेवढंच ऐकते, परत परत." तिनं फोनवर हात ठेवला. "समदे ऐकले तर बाई संपून जाईल."

काकांनी चष्मा काढून पुसला.

"आफिफा," ते मग म्हणाले, "तिसरं प्रकरण रूपाबाईला वाचून दाखव. आतापर्यंतचं ते एकच तिनं ऐकलं न्हाई."

मी चुलीच्या उजेडात पहिलं पान वाचलं. रूपाबाई एकेक आवाज लावून पाहत गेली. नवव्यावर तिचं बोट थांबलं. आम्ही तो आवाज शेवटपर्यंत ऐकला. शेवटच्या वाक्यानंतर बाई थांबल्या, नेहमीपेक्षा जास्त. आणि मग त्यांनी एक नाव घेतलं.

६

रविवारी चार वाजता मोबाइलच्या पडद्यावर चार चौकटी उघडल्या. एकीत पुनमचंद शेठ, हातात घडी घातलेला अर्ज. एकीत मुबश्शीर, दाढी वाढलेली. एकीत थावरा. चौथीत मी आणि काका ग्रंथालयात बसलेले, आणि आमच्यामागं दिसेल न दिसेल अशी रूपाबाई.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं," काका म्हणाले. कुणी हसलं नाही.

त्यांनी एकेक गोष्ट पुकारली. ड्रम छपाईआधी भंगारात गेला, म्हणून आवाज खरा. मागून ड्रम जोडला म्हणावं, तर बाईंचा फोन रूपाबाईजवळ आहे आणि त्यात असे एकसष्ट आवाज आहेत, मार्चपासूनच्या तारखांचे. बाईंना दिसत नव्हतं, म्हणून पुस्तक त्यांचंच. शेठच्या हातातल्या अर्जाची घडी उलगडली, परत मिटली.

"मग चोर कोन?" शेठनी विचारलं.

"पाठवनारी कोन, ते ज्याला पैल्या दिवशीच समजलं, तो. त्याला ठावं व्हतं की मोठ्यानं वाचलं की रूपाबाई आवाज काढनार. बाकी प्रकरणाचं त्याला भेव न्हवतं. एकाच प्रकरणाचं व्हतं. ते त्यानं वाचलंच न्हाई. घसा बसलाय म्हनून फोटो टाकले." काका थांबले. "त्याच बुधवारी त्यानं माईकबिगर अर्धा तास भाषण केलं."

थावराची चौकट हलली नाही. तो इतका स्थिर होता की मला वाटलं, चित्र गोठलंय.

"काका, तुमचा काही गैरसमज..." तो म्हणाला.

"असंल. आपन बाईलाच विचारू. तिसऱ्या प्रकरणाचा निरोप ऐकायचा राहिलाय."

रूपाबाईनं पुढं होऊन बटण दाबलं.

मागं ड्रम फिरत होता. घर्र, घर्र, घर्र, टक्. "घरं जाळणारे चौघं होते," बाई म्हणाल्या. थांबल्या. "दारं लावून घेणारं सगळं गाव होतं." पुन्हा थांबल्या. पेवाच्या तळातून यावा तसा त्यांचा आवाज येत होता, जवळचा आणि फार खोलचा. मग त्या हसल्यासारख्या झाल्या.

"हे वाक्य खोडू नकोस बरं. हे माझं आहे." श्वास. "झालं का लिहून, थावरा?"

आणि बाई थांबल्या.

ते थांबणं आम्ही आठवडाभर ऐकत होतो. त्याला कुणी उत्तर दिलं नव्हतं. ड्रम एकदा टक् झाला. दुसऱ्यांदा टक् झाला. मी मुबश्शीरकडं बघितलं, तो थावराकडं बघत होता.

"झालं, बाई," थावरा म्हणाला. चौथीतलं पोरगं पाटी वर करून म्हणतं, तसं.

मग तो रडला, आणि रडतच सगळं बोलला. बाई गेल्या तेव्हा पुस्तक लिहून पुरं झालं होतं. प्रकाशकानं लेखकाचं नाव विचारलं. त्यानं एक टोपणनाव ठोकून दिलं. म्हटलं, बाईंचं नाव पुढं सांगू. पुढं पत्रं आली, कौतुक आलं, आणि सांगायचं राहून गेलं. "गुरुवारी रूपाबाईकडं फोन मागायला गेलो होतो. आतून बाईंचा आवाज येत होता. दार वाजवता आलं नाही." मग तो म्हणाला, "मुबश्शीर, नाव चोरलं त्यापेक्षा तुझ्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो, ते वाईट. पुस्तकातलं ते दार मीच लावलं, भाऊ. माफ कर."

मुबश्शीरनं वाढलेल्या दाढीवरून हात फिरवला. "बाईंचं नाव टाक आधी," तो म्हणाला. "माझं नंतर बघू."

थावरानं आमच्यासमोर प्रकाशकाला पत्र लिहिलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, रूपाबाईला कळावं म्हणून. नव्या आवृत्तीवर रुख्मिणीबाईंचं नाव असेल, आणि पहिल्या पानावर रूपाबाईच्या सासूचं. पुनमचंद शेठनी अर्ज फाडला. दुसऱ्या दिवशी भर बाजारातून चालत ते मुबश्शीरच्या दुकानात गेले आणि धडधाकट फोनची काच बदलून मागू लागले. मुबश्शीरनं ती बदलली आणि पैसे दुप्पट घेतले. माझा भाऊ आहे, संत नाही.

मी मुबश्शीरला अजून सांगितलेलं नाही की त्या दिवशी हो म्हणायच्या आधी मी थांबले होते. सांगेन.

सोमवारी दुपारी दोनला मी पाचवं प्रकरण वाचून गटावर टाकलं. चार वाजून दहा मिनिटांनी मोबाइल थरथरला. वर नाव रुख्मिणीबाईंचंच होतं. मी कानाला लावला, आणि पहिल्यांदा तिथून दुसराच आवाज आला. घसा खाकरलेला, मागं वारा, कपाशीत कुणीतरी हाक मारतंय.

"मी रूपाबाई बोलून राहिले," ती म्हणाली. "कंदील विझतो ते तू लई घाईनं वाचलं. परत वाच."

मी परत वाचलं.